पिवळी काच

लेन्स त्यानं रुमालात गुंडाळून आणली होती. दुकानात पाय ठेवताच म्हणाला, "दादूस, जरा बघ. कल्याणचा एक म्हातारा इकतो ही. घेऊ का नको, तूच सांग."

इतक्या वर्षांनी मी परत दादूस झालो होतो. शेलार गावात आमचा दोघांचा फोटो स्टुडिओ होता, तेव्हा असंच म्हणायचा. मग मी तापानं महिनाभर पडलो, आणि उठेस्तोवर यानं राहनाळ, वळ, आसपासच्या सगळ्या गावांत सांगून ठेवलं की याचा हात आता थरथरतो. हळदीचे फोटो एकदाच निघतात, नवरी काय परत हळद लावून बसत नाही. कोण कशाला जोखीम घेईल? सगळी गावं त्याच्याकडे गेली आणि मी लेन्स दुरुस्त करत बसलो. त्याला कधी एका शब्दानं विचारलं नाही. मी बोलणारा माणूस नाही. पण विसरणाराही नाही.

"पुढच्या महिन्यात पोरीची हलद हाय," तो म्हणाला. "मीच काढणार फोटो. फ्लॅश मारला का ती डोले मिटते, लहानपणापासून. ही १.४ हाय, उजेड जास्त घेते, मांडवातल्या बल्बावर भागंल."

मी लेन्स हातात घेतली. रिंग लोण्यासारखी फिरत होती. आतली पाती कोरडी, तेलाचा डाग नाही. मागून टॉर्च मारला. फंगस असला की मुळांसारखा फाटे फोडत जातो. इथं दोन-तीन सरळ तंतू होते, कापसाचे. आमच्या गावात यंत्रमागांच्या हवेत राहिलेल्या प्रत्येक लेन्समध्ये ते असतात, त्यानं काही बिघडत नाही. मात्र काच पिवळी होती, पातळ चहासारखी.

"ही पिवली कशानं?" त्यानंच विचारलं. "कोणाच्या हलदीत भरली असंल ना?"

जन्मभर हळदी काढलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? जुन्या काळी अशा काही लेन्सच्या काचेत थोरियम घालत, ती काच वयानं आपोआप पिवळी पडते. काही दिवस कडक उन्हात ठेवली की निवळते. हे मला माहीत होतं.

मी टॉर्च विझवला. "हळदच. आतल्या काचेपर्यंत गेलीय."

"निघणार न्हाय?"

"नाही. नको घेऊस."

"बरा झाला तुला विचारला," म्हणत त्यानं ती परत रुमालात बांधली.

त्यानं कल्याणच्या म्हाताऱ्याला लेन्स परत केली, आणि आठवड्याभरात मी तिथूनच ती घेऊन आलो. गच्चीवर उन्हात मांडली. रोज दुपारी जाऊन बघायचो. काच निवळत होती आणि मला जेवण गोड लागत होतं.

हळदीचं आमंत्रण आलं, मी गेलो नाही. लेन्स मात्र दुकानाच्या कपाटात पुढे ठेवली, त्याला दिसेल अशी. लग्नानंतर तो फ्लॅश दुरुस्तीला घेऊन आला आणि नजर तिथंच गेली.

"अशीच पाहिजे व्हती मना."

"अशीच नाही. हीच." मी सगळं सांगितलं. मन हलकं करायला नाही. मला त्याचा चेहरा बघायचा होता.

त्यानं लेन्स उजेडाकडे धरली. "फक्त उन्हात ठेवायची?"

"हो."

"सगल्या फोटोत डोले मिटलेत तिचे. सासू इचारते, सून हलदीत झोपली व्हती कं?" तो हसायला गेला, जमलं नाही.

मी वाट बघत होतो. शेवटी मीच म्हणालो, "दे ना शिवी. माझ्या हाताचं गावभर बोललास तेव्हा मी दिली नाही. तू तरी दे."

"तेवाच येऊन कानाखाली मारायची व्हती. मी वाटच बघत व्हतो तुजी." त्यानं लेन्स काउंटरवर ठेवली, जपून, काच वर करून. "पोरीनं कं केला व्हता तुजा?"

फ्लॅश न घेताच तो गेला.

त्याच्यावरचा राग अजून आहे. तो सोडावा असं वाटतही नाही. पण परवा बाजारात त्याची पोर नवऱ्याबरोबर दिसली. लांबूनच ओळखून "काका!" म्हणून हाक मारली. मी ऐकलं नाही असं दाखवून रस्ता ओलांडला.