दूधभात

सून नातवासाठी दूधभात कालवते, त्या वासानं पन्नास वर्षांनंतरही माझं डोकं तापतं. तळेगावात आम्ही पोरी लपाछपी खेळायचो. पोलिओनं माझा पाय लुळा, म्हणून मी दूधभात. म्हणजे खेळात घ्यायचं, पण राज्य कधीच द्यायचं नाही. एकदा मी कडब्याच्या गंजीमागे लपले. राज्य शांतावर होतं. तिनं मला नीट पाहिलं आणि ती तशीच पुढे निघाली.

"मी दिसली ना तुले? मंग नाव काऊन नाई घेतलं?"

"तू तं दूधभात आहे. बसून राह्य."

ओट्यावरून आई कौतुकानं म्हणाली, "पोरी किती सांभाळून घेतात तुले."

सांभाळायला सांगितलं कोणी होतं? मला भिंतीकडे तोंड करून आकडे म्हणायचे होते आणि मग याच पायानं फरफटत एकेकीला हुडकून काढायचं होतं.