साडूच्या गाडीतलं तेल

माझ्या साडूने नागपुरात जुनी विलायती स्पोर्ट्स कार घेतली. जागा दोनच, छप्पर कापडी, तेही मागे दुमडलेलं. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी घेतलेल्या माझ्या मोटरसायकलवरही दोनच माणसं बसतात आणि छप्पर तिलाही नाही. पण तिला बघायला आमच्या कारध्यात कधी कोणी थांबलं नाही.

अधिक महिन्यात सासऱ्यांनी आम्हा दोन्ही जावयांना सानगडीला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. साडू आणि मेहुणी त्या लाल गाडीतून नागपूरहून निघाले आणि वैनगंगेचा पूल ओलांडून आमच्या दारात थांबले. माझी बायको केसांना घट्ट रुमाल बांधून तयारच होती. "आज मी त्या गाडीत बसून जाईन," असं तिने सकाळीच जाहीर केलं होतं. माझ्या मागे बसताना तिने रुमाल कधी बांधला नव्हता.

"साडूभाऊ, मौद्यापासून तेलाचा काटा खाली येऊन राहिला," साडू म्हणाला. "पाहा न जरा."

मी वरठीला पोलाद कारखान्यात मेंटेनन्सला आहे. यंत्राला तेल पोचतं की नाही, हे बघणं माझं रोजचं काम. बॉनेट उघडताना मनात एकच होतं, की आतली बेअरिंगं झिजलेली निघावीत. म्हणजे इंजिन खोलावं लागेल, गाडी इथेच राहील आणि बायको माझ्या मागे बसेल.

तेलाची पट्टी काढून पाहिली. पातळी बरोबर होती, तेलही जाड होतं. गाडीतलं तेलाच्या दाबाचं घड्याळ खोटं सांगत असेल म्हणून तेलाच्या लाईनवर माझं स्वतःचं गेज लावलं. पन्नासच्या आसपास दाब हवा, तिथे तेही दहाच दाखवत होतं. मला बरं वाटलं.

"बेअरिंग गेली का?" साडूने विचारलं.

"असू शकते."

त्याचा चेहरा उतरला. बायकोने रुमालाची गाठ सैल केली.

"रेस द्या," मी म्हणालो आणि लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनला टेकवून त्याच्या मुठीला कान लावला. बेअरिंग झिजली असती तर आत ठोके ऐकू आले असते आणि रेस दिल्यावर काटा थोडा तरी चढला असता. ठोके नव्हते. काटा दहावरून हलला नाही.

म्हणजे दोष दुसरीकडे होता. दाब फार वाढला तर जादा तेल परत खाली सोडणारी एक छोटी झडप असते. ती उघडी अडकली, की तेल कामावर न जाता तळात परत जातं. नट खोलला. स्प्रिंगखाली, झडपेच्या बैठकीवर, तांदळाच्या कणीएवढा पॅकिंगचा तुकडा बसला होता. सगळं रॉकेलमध्ये धुऊन परत लावलं. काटा बावन्नवर गेला.

"झालं!" बायको ओरडली आणि तिने गाठ पुन्हा आवळली.

मेहुणीने नवऱ्याच्या हातून किल्ली घेतली. "तुम्ही भाऊजीच्या मागं बसा. आम्ही दोघी बहिणी जातो."

"हायवेवर जमते का तुले?"

"मौद्यापासून कोण चालवून राहिलं होतं? काटा बी मीच पाहिला. तुम्ही तं झोपले होते."

दोघी गेल्या. आम्ही मागून निघालो. साडू माझ्या मागे, मांडीवर आंब्यांची पिशवी घेऊन. लाखनीच्या आधीच लाल गाडी दिसेनाशी झाली.

"जरा जोरात घ्या न, साडूभाऊ."

"पन्नासच्या वर गेलं की ॲव्हरेज पडते."

सानगडी येईपर्यंत पिशवी माझ्या पाठीत रुतत राहिली.

सासऱ्यांच्या दारात गर्दी होती. सासरे स्वतः स्टिअरिंगवर बसले होते, शेजारी माझी बायको. रुमाल कुठेतरी उडून गेला होता, केस विस्कटले होते, आणि ती अशी हसत होती की मी गाडी स्टँडवर लावायचं विसरलो.

"यायनंच नीट केली, बाबा," तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"असं का?" सासऱ्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "मंग हॉर्न बी पाहून द्या, जावईबापू. लय बारीक वाजते."

आत ताटं वाढली होती. साडू हात धुवायला गेला. मी बॉनेट उघडलं.