दारूचं लिव्हर
बायोप्सीचे तुकडे टिकवायच्या फॉर्मालिनची नवी बाटली उघडली, की नवीन जालन्यातल्या माझ्या जुन्या लॅबमधली ती दुपार आठवते. आष्टीकडचा एक शेतकरी धाकट्या भावाच्या बायोप्सीचा रिपोर्ट न्यायला आला होता. भाऊ बाकावर बसला होता, पोट फुगलेलं, पाठीवर काठीचे वळ. "दारूनं लिव्हर सडवलं यानं. मारू मारू थकलो मी, तरी सुधरत न्हाई," थोरला म्हणाला. मी सांगितलं, हा दारूचा आजार नाही, लिम्फोमा आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, फार क्वचित तो लिव्हरमध्येच सुरू होतो. पेशींतली जनुकं बिघडतात, त्यात पेशंटचा दोष नसतो. थोरल्यानं कॉलर धरून मला भिंतीवर आपटलं. "खोटं बोलून राह्यले तुम्ही." मग बुक्कीनं काउंटरची काच फोडली आणि त्याच रक्ताळलेल्या हातानं स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागला. धाकट्यानं कसंबसं उठून त्याचे हात धरले. "दादा, मी घेतच नव्हतो. किती डाव सांगितलं तुला." मी थोरल्याच्या मुठीतल्या काचा काढल्या, तक्रार केली नाही. उपचार झाले, पण धाकटा वाचला नाही. आता लिव्हरचा पेशंट आला, की मी नातेवाइकांना बाहेर बसवतो आणि आधी विचारतो, "घरात कुणी हात उचलतं का?"