खिडकीखालचा बोर्ड

आमच्या दिवेआगरात कोणी भुताखेताचं काढलं की मी सरळ म्हणते, "कामधंदे नाहीत का?" त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण घडलं ते घडलं.

नवरा जहाजावर. सासरे – त्यांना आम्ही बाबा म्हणतो – मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेले. डॉक्टरांनी आशा सोडलेली, आणि बाबांचा एकच धोशा, "पोराचं तोंड दाखव गो." आता जांभ्याच्या जाड भिंती, मागे ना मोबाईलची रेंज, ना वायफाय. बाबांना उचलून पुढे आणणं शक्यच नव्हतं. म्हणून लाइटच्या वायरमधून नेट नेणाऱ्या अडॅप्टरची जोडी मागवली. एक पुढे राउटरपाशी लावला, दुसरा मागे. ढिम्म! मागची खोली इन्व्हर्टरवर, त्या लाइनमधून नेट मागे येईना. मी कपाळाला हात लावला.

बाबा म्हणाले, "खिडकीखालच्या बोर्डात लाव. तुझी सासू तिथंच दिवा लावायची."

सासूबाईंना जाऊन कैक वर्षं झाली. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा. लावला... आणि अडॅप्टरवरचे सगळे दिवे हिरवेगार! त्या संध्याकाळी बाप-लेक व्हिडिओ कॉलवर पोटभर बोलले. मग रोजच. मी दाराआड उभी राहून रडायचे, खोटं कशाला सांगू?

नवरा सुट्टी काढून निघाला. तो वाटेत असतानाच बाबा गेले.

दिवसकार्य उरकल्यावर नवा पॉइंट काढायला वायरमन संतोष आला. मी म्हटलं, "खिडकीखालून घे लाइन."

तो हसला. "वयनी, त्यात वायरच न्हाय. वादळानंतर नवी वायरिंग केली ना, तवा भोक झाकाया मीच नुसता बोर्ड ठोकला."

"काहीतरीच काय! रोज चालत होता हा."

अडॅप्टर अजून तिथेच होता, दिवे विझलेले. संतोषने स्क्रू काढले. आत माती आणि कोळ्याचं जाळं.

जाणकार म्हणतात, चुकून मोबाईलची रेंज आली असेल. मग ते हिरवे दिवे?

नवरा त्या बोर्डासमोर बसूनच राहिला. मग हळूच म्हणाला, "मी निघालोय, येतोय म्हटलं... ते बाबांनी ऐकलं ना गं?"

ऐकलं होतं. "ये रे, ये," म्हणत त्यांनी हलवलेला हात मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.