कोपरावरचे तीन दिवस

फोन आला तेव्हा माझ्या दोन्ही हातांत एका गिऱ्हाइकाचा चेहरा होता. खामगावात माझं छोटं पार्लर आहे आणि दुपारची वेळ म्हणजे कॉलेजच्या पोरींची गर्दी. फोन वाजून वाजून बंद पडला, पुन्हा वाजला. शेवटी मी करंगळीने स्पीकर लावला आणि प्रकाशचा, माझ्या चुलतभावाचा आवाज खोलीभर झाला, "ताई, माय गेली व..." खुर्चीतल्या पोरीने मिटलेले डोळे उघडले. माझी बोटं तिच्या गालावर थांबली होती आणि बोटांना लागलेलं तेल होतं ते जी गेली तिच्याच हातचं. मी तो चेहरा पूर्ण केला, मगच उठले. कोणी म्हणेल, काय बाई आहे ही! पण अर्धा चेहरा टाकून उठायचं नाही, हेही मला तिनेच शिकवलं होतं.

ती म्हणजे माझी मोठीमाय. माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, शांताबाई. पिंपळगाव राजाला आमची दोन्ही घरं भिंतीला भिंत लावून, मधलं दार कायम उघडं. माझं बालपण आईपेक्षा तिच्याच परसात जास्त गेलं, कारण तिच्या परसात सदा काहीतरी उन्हात तापत असायचं. मोठीमाय चेहऱ्याला लावायचं तेल करायची. घाण्यावरचं तिळाचं तेल, थोडं करडईचं, थोडं खोबरेल. त्यात सावलीत वाळवलेली संत्र्याची साल, कडुनिंबाचा कोवळा पाला, गावठी गुलाबाच्या पाकळ्या आणि ओल्या हळदीचे काप. हे सगळं काचेच्या बरणीत आठवडाभर उन्हात ठेवायचं, मग पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून मंद आचेवर गरम करायचं, आणि जुन्या धोतराच्या मऊ फडक्यातून गाळायचं. तेल कधीच थेट चुलीवर ठेवायची नाही. "तेल करपलं की तोंड करपते," म्हणायची.

गोरं व्हायला म्हणून कोणी आलं की ती सरळ हाकलून द्यायची. "गोरं कराचं दुकान तिकडं हाये, बाजारात. इथं कातडीले फक्त खायला घालतो आपन." पण उन्हाने करपलेले गाल, वयात येणाऱ्या पोरींच्या पुटकुळ्या, बाळंतिणीच्या तोंडावर चढलेला वांग, हे घेऊन बाया यायच्या आणि तासतासभर ओट्यावर बसायच्या. मोठीमाय आधी त्यांचं तोंड साध्या पाण्याने धुवायला लावायची, ओल्या चेहऱ्यावर तीनच थेंब द्यायची, आणि अनामिकेने, खालून वर, असं हळू जिरवायची की बाई बोलता बोलता पेंगायला लागायची. हनुवटीवरून कानाकडे जाताना ती नकळत स्वतःचेही ओठ ताणायची. मी आणि माझी मैत्रीण वंदना, आम्ही दारामागून तिची नक्कल करून हसून लोळायचो. ती न वळता म्हणायची, "हसा, हसा. उद्या ह्याच तोंडानं माह्याकडं येसान."

तिचा एक नियम मात्र देवालाही सुटला नसता. नवं तेल झालं की पहिला थेंब तिच्या स्वतःच्या मनगटावर. मग जिला द्यायचं तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे हात दुमडतो तिथे. आणि मग तीन दिवस थांबायचं. चौथ्या दिवशी ती हात उलटा करून उजेडात धरायची, विचारायची, "चुलचुल? आग? खाज?" तिन्हीला नाही म्हटलं तरच बाटली मिळायची. हे दर नव्या बरणीला, दर बाईला. वीस वर्षं तेल नेणाऱ्या बाईलाही सूट नाही. आम्हाला तो निव्वळ चाळा वाटायचा...

आता जे सांगायचं ते मी बावीस वर्षं दाबून ठेवलं आहे. सरळच सांगते.

मोठीमाय तोंडाचं तेल करायची तशी पायाचंही औषध करायची. काळ्या मातीत राबणाऱ्या बायांच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात ती बिब्ब्याचं तेल भरायची. बिब्बा टाचेला चालतो, पण नाजूक कातडीला लागला की फोड येतात, सूज चढते. बिब्बा उतला, म्हणतात आमच्याकडे. म्हणून त्याची भांडी तिने घरातही येऊ दिली नव्हती. गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा, त्यात बिब्ब्याची बाटली आणि एक पळी. पळीच्या दांड्याला काळा दोरा बांधलेला. त्या कोनाड्याला आम्ही पोरांनी हात लावायचा नाही, एवढं पाळण्यातच शिकवलेलं.

वंदनाचं लग्न ठरलं त्या हिवाळ्यात मी एकोणीस वर्षांची होते. खामगावला कॉलेजात शिकत होते आणि मला सगळं येतं, असं मला वाटत होतं. वंदनासाठी तेल उन्हात ठेवून मोठीमाय रोहिणखेडला तिच्या भावाकडे गेली, भाऊ अंथरुणाला खिळला होता. दोन दिवसांत येते म्हणाली, पाच झाले तरी आली नाही. हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी वंदना माझ्यासमोर रडवेली उभी, "तेल देतं का नाही व? परवा लगन हाये माह्यं." मी म्हटलं, तू घरी जा, मी घेऊन येते; आणि मनात म्हटलं, त्यात काय एवढं, मीच गाळते. थंडीने खोबरेल थिजून बरणीत सगळा गोळा झाला होता. पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवलं, ढवळायला पळी शोधली, मिळेना. शोधत शोधत गोठ्यात गेले. कोनाड्याखाली, जमिनीवर एक पळी पडलेली दिसली. दांड्याला दोरा नव्हता. दोरा नाही म्हणजे ही ती पळी नाही, असं मीच मला सांगितलं. ओढणीला पुसली आणि त्याच पळीने ते तेल चांगलं दहा मिनिटं ढवळत बसले, गाणं गुणगुणत.

तेल घेऊन तिच्या घरी गेले तेव्हा वंदनाने बाह्या वर केल्या. "कोपरावर लाव न आधी. मोठीमाय तं तीन दिवस..." मी हसले. म्हटलं, "काऊन व? जन्मभर हेच तेल लावून राह्यली आनि आज कोपर दाखवतं? तीन दिवसानं तं तू सासरी असशीन!" तीही हसली. मीच लावलं तिला. अनामिकेने, खालून वर, मोठीमायसारखे ओठ ताणून.

हळदीच्या दिवशी सकाळी वंदनाचे डोळे उघडत नव्हते. गाल, कपाळ, हनुवटी, सगळं लाल आणि फुगलेलं, फोडांनी भरलेलं. तिची आई कपाळ बडवत होती. त्याच वेळी मोठीमाय बसमधून उतरली, पिशवीसकट तशीच तिथे आली. एक नजर टाकली आणि म्हणाली, "हे बिब्बं हाये." खोबरेल मागवलं, स्वतः लावत बसली. मग घरी आली, चुलीजवळची पळी उचलून वास घेतला, माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडण्याआधी ती पुन्हा बाहेर पडली होती. भरल्या मांडवात, वंदनाच्या आईसमोर तिने हात जोडले आणि म्हणाली, "माह्या हातानं झालं, बाई. जाताना मीच तेल गाळून ठेवलं. पळी चुकली."

मी खांबाला धरून उभी होते.

लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. नवरदेवाकडची माणसं भली होती. पण फोटोत प्रत्येक ठिकाणी वंदनाचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला आहे. तिच्या डाव्या डोळ्याखाली रुपयाएवढा काळसर डाग राहिला तो राहिलाच. आणि मोठीमायचा ओटा ओस पडला. "तोंड जाळनारी" म्हणायला लागल्या बाया. ज्यांची तोंडं तिने वर्षानुवर्षं सांभाळली, त्यांनीच! वंदनाच्या आईने मरेपर्यंत तिच्या दारात पाय टाकला नाही. मी एकदा मोठीमायच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, म्हटलं, मोठीमाय, मी सांगते सगळ्यांना. ती म्हणाली, "चूप राह्य. तुह्यं लगन व्हाचं हाये. लोकं तुह्या हातचं पानी पेनार नाहीत. मी म्हातारी, मले काय होते?" मग बराच वेळ माझे केस विंचरत राहिली आणि म्हणाली, "पन वंदीले एक दिवस सांगजो. ते माह्याकडून होनार नाही. ते तुलेच सांगा लागन."

माझं लग्न झालं, पार्लर निघालं. त्यात मोठीमायचं तेल आलं. ती घरात बसून करायची, मी इथे लावायची. बाया म्हणतात, मॅडम, तुमच्या हाताला गुण आहे. मी गोड हसते. मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटतही होती, पण लाजेने पोट दुखलं म्हणून कोणी दुकान बंद करत नाही. दर दिवाळीला, दर अक्षय्य तृतीयेला पिंपळगावला गेले की मोठीमाय बाटल्या हातात देताना हळूच विचारायची, "सांगतलं का व वंदीले?" आणि मी म्हणायची, "नाही व, अवंदा सांगीन." बावीस वर्षं आम्हा दोघींचं हे चाललं होतं. शेवटच्या भेटीत, ती जाण्याच्या महिनाभर आधी, तिने बाटली दिली, माझा गाल कुरवाळला आणि काहीच विचारलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. आज तेच सगळ्यात जास्त खुपतं. तिने माझी आशा सोडली होती का?

तेरवीला वंदना आली, वरवट बकालहून, एकटीच. फोटोसमोर हात जोडून उभी राहिली. जेवताना माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मायनं आखरीपर्यंत राग धरला. मी तं मोठीमायले कईचं माफ केलं. मानसाच्या हातून चुकी होते." मी पाणी प्यायले... आणि वाढणाऱ्याला म्हटलं, हिला बुंदी वाढ. हो, इतकी भेकड आहे मी.

त्यानंतर पार्लरमध्ये ते तेल हातावर घेतलं की बोटं चालेनात. परवा शटर खाली ओढलं, मोठीमायची शेवटची बाटली पर्समध्ये टाकली आणि वरवटची बस धरली. वंदना अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पळी, दोरा, ओढणी, कोपर, मांडव. ती सोलत राहिली. टोपलं रिकामं झालं तरी तिची बोटं चालत होती, नुसत्याच टरफलांतून. मग डोळ्याखालच्या डागावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "बावीस वर्सं मी चुकीच्या मानसाले माफ करत राह्यली."

मी म्हटलं, मार मला. ती म्हणाली, "मारून काय भेटते? गावाले सांग. छापून सांग. ज्या बाया तिले तोंड जाळनारी म्हनत होत्या, त्यांच्या हाती पडलं पायजे." म्हणून हे लिहिते आहे. पिंपळगावच्या बायांनो, ती पळी माझ्या हातात होती.

निघताना मी बाटली तिच्यासमोर ठेवली. वाटलं, फेकून देईल. तिने झाकण उघडलं, वास घेतला, आणि पहिल्यांदा तिचे डोळे भरले. मग बाही वर केली, हात उलटा करून माझ्यापुढे धरला. मी एक थेंब आधी माझ्या मनगटावर घेतला, एक तिच्या कोपराच्या आत. अनामिकेने जिरवला.

"मले माफ करशीन?" मी विचारलं.

तिने बाही खाली घेतली. "तीन दिवसानं सांगीन."

आज दुसरा दिवस आहे.