मत तिकडचं, डाळ इकडची

किस्से जमवावे लागत नाहीत. कॅन्टीन कमिटीवर या, आपोआप साठतात! अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी स्टोअरला होते. कमिटीत आम्ही तिघं: मी, बॉयलरवरचा शिंदे आणि सेक्रेटरी कांबळेकाका. दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. सगळंच महाग होत होतं, आणि का, ते कुणालाच कळत नव्हतं. आम्हाला तर अजिबात नाही.

*

एकदा तेलाच्या डब्याचा भाव एकदम चढला. काका आणि मी रिक्षा करून उल्हासनगरला गेलो, आमच्या वाणसामानाच्या मोहनशेठकडे.

"साईं, मैं क्या करूं? तेल जिधर से आता है, उधर इलेक्शन है. पब्लिक बोली, पहले हमको सस्ता दो. सरकार उनकी सुनेगी कि अंबरनाथ की?"

"मग आमचं ऐकणारं कोण?" काकांनी विचारलं.

शेठने गंभीरपणे भिंतीवरच्या झुलेलाल देवाच्या तसबिरीकडे बोट दाखवलं!

*

काका म्हणजे मतदानाला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून रांगेत पहिले उभे राहणारे. "मत म्हणजे माणसाची किंमत," हे त्यांचं वाक्य. परत आल्यावर ते स्वयंपाकघरात समजवायला बसले. आमची स्वयंपाकीण सुशीलाबाई, जवळच्याच मोरिवली गावची.

"तिकडचे नागरिक जागरूक आहेत, सुशीला. मोर्चे काढतात, मत देतात. सरकारला ऐकावंच लागतं. म्हणून माल बाहेर सोडत नाहीत."

"मंग ते जागं झालं म्हनून आमी उपाशी?"

काकांनी चष्मा काढून पुसला. दोनदा.

"लोकशाही चांगलीच गं," ते म्हणाले, "फक्त... लांबची आहे."

*

तूरडाळ परवडेना, म्हणून कॅनडाचा पिवळा वाटाणा आला. शिंदेने वाटीत चमचा फिरवला. "या डाळीचा पासपोर्ट बघितला का?"

सगळे हसले, पण ताटं तशीच परत गेली. चौथ्या दिवशी प्लँटवर एक जण चक्कर येऊन खाली बसला. सकाळपासून पोटात नुसता चहा. त्या दिवशी कुणी विनोद केला नाही.

*

शिंदेचे भावोजी मस्कतला. त्यांचा फोन आला.

"अरे, तुमच्या सरकारने तांदूळ बाहेर पाठवणं बंद केलं! इथे भाव बघ! मत कुणाला दिलं होतंस?"

"मी? मी तर त्या दिवशी सुट्टी म्हणून घरी झोपलो होतो!"

"म्हणजे तुझ्या झोपेने माझा भात महागला?"

शिंदे दोन दिवस बॉयलरच्या काट्याकडे बघत याचाच हिशोब लावत होता. लागला नाही.

*

शेवटी काकांनी ठरवलं, आपल्याकडेही मतदान घ्यायचं. तूर हवी असेल तर आठवड्यातले तीन दिवस भाजी नाही. भाजी हवी असेल तर वाटाणा. पुठ्ठ्याच्या खोक्याला फट पाडली, गोणपाटाचा आडोसा केला. "गुप्त म्हणजे गुप्त!"

सुशीलाबाई कंत्राटी. कंपनीत तिला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. काका म्हणाले, "शिजवणारीचं पहिलं मत!" तिने हात धुतले, पदराला पुसले, डोक्यावरून पदर घेतला आणि आत गेली. इतका वेळ बाहेर येईना की शिंदेला हाक मारावी लागली. बाहेर आली ती थेट चुलीपाशी.

तूर जिंकली! टाळ्या पडल्या. काकांच्या डोळ्यांत पाणी. मोहनशेठने दुकानात होती नव्हती ती सगळी तूर आमच्याकडे पाठवली.

पुढच्या सोमवारी शेजारच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये वाटाणा सुरू झाला. त्यांचा वाणीही मोहनशेठच. आणि तिथे कामाला सुशीलाबाईचा नवरा, बळीराम.

दुपारच्या सुट्टीत बळीराम पिवळी वाटी हातात धरून आमच्या खिडकीशी उभा. सगळी रांग बघतेय.

"सुशीले, तुरीला मत कोनी दिला गो?"

सुशीलाबाईने डाळीच्या टोपावर झाकण सरकवलं.

"मना काय म्हाईत? गुपित मतदान व्हता!"