माझ्या नावाची बाटली

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही. वैनीला तर नाहीच नाही. एकोणीस वर्षं मी ती पोटात ठेवली आहे, आणि आज तुम्हाला लिहायला बसलो तरी हात सारखा थांबतो आहे — कुठून सुरू करू?

वडिलांपासून करतो. त्यांना मधुमेह होता. आमच्याकडे 'गोड लघवी' म्हणायचे. कळलं तेव्हा त्यांना डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. वर्षभरात ते गेले. डॉक्टरांनी तेव्हाच आम्हा दोघा भावांना बजावलं होतं — हा आजार घराण्यात उतरू शकतो, आत असला तरी बरीच वर्षं दुखत नाही की खुपत नाही, तेव्हा तपासून घेत जा. आम्ही माना डोलावल्या. घेतलं का कुणी तपासून?

आण्णा माझ्याहून बारा वर्षांनी थोरला. गुळव्या होता, गूळ करण्यातला जाणता. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं गाव. गुऱ्हाळं सुरू झाली की उसाच्या रसाच्या काहिलीपाशी त्याचाच शब्द चालायचा. उकळता पाक थंड पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळायची, जिभेवर ठेवायची आणि सांगायचं — उतरवा. अंगानं दणकट. दवाखान्याची पायरी म्हणून कधी चढला नाही.

मी तेवीस वर्षांचा असताना तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो. लागलो म्हणजे — कोल्हापूरच्या दवाखान्यात तपासणी पास झाली तर. आणि माझी गाळण उडाली. वडिलांचं माझ्यात उतरलं असलं तर? म्हणून, माझ्याऐवजी त्याची लघवी द्यायला, मी आण्णापुढं रिकामी बाटली धरली. तो असा हसला, की काहिलीजवळची माणसं वळून बघायला लागली. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाला,

"आण हिकडं! गुळव्याचं पाणी हाय लेका. सायेब चाटून पास करतोय बघ!"

त्या बाटलीवर माझ्या नावाची चिठ्ठी लावून मी ती दिली. तिथं साखर लघवीतच बघत. तपासणाऱ्यानं काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, थेंब सोडले, नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी — विटेसारखं लाल. मी समोरच उभा होतो.

"साखर हाय की रं," तो म्हणाला. "काल काय पुरणपोळ्या हाणल्यास काय? उद्या उपाशीपोटी ये, आन् हितंच बाटली भर."

दुसऱ्या दिवशी मला माझीच लघवी द्यावी लागली. निळं ते निळंच राहिलं. मी पास झालो.

गावाकडं येणाऱ्या एसटीत मी खिडकीशी बसलो होतो. आण्णाला साखर होती, आणि हे साऱ्या जगात फक्त मला ठाऊक होतं. सांगायला किती वेळ लागला असता? पण मी शपथ घातली म्हणून थट्टा पोटात ठेवणारा आण्णा स्वतःचा आजार कळल्यावर गप्प बसणारा नव्हे. बाटलीची गोष्ट गावभर झाली असती, कचेरीपर्यंत गेली असती, आणि माझी नोकरी —

उंबऱ्यातच त्यानं गाठलं. "काय बाळू, झालं का पास माझं पाणी?"

"झालं, आण्णा."

हेच ते. बाकी सगळं याच्या मागून आलं.

नोकरी कायम होऊ दे, मग सांगू, असं मनाशी म्हटलं. कायम झाली. मग दुसरीच भीती धरली — 'म्हंजे तुला तवाच ठावं व्हतं?' असं त्यानं विचारलं तर? वर्ष सरे तसा तो प्रश्न जड होत गेला.

आण्णा तांब्यावर तांब्या पाणी पिऊ लागला. लोक म्हणाले, चुलवाणाचा जाळ. वाळत चालला. लोक म्हणाले, कष्ट. एका सुट्टीत मी गुऱ्हाळावर गेलो होतो. तो ज्या बांधाशी लघवीला जायचा तिथं मुंग्यांची रांग लागली होती, आणि त्यानंच ती सगळ्यांना दाखवली. "बगा रं, गुळव्याच्या मुताला बी मुंग्या!" गुऱ्हाळावर मुंग्यांचं नवल कुणाला? सगळे हसले. मीही हसलो — त्यांच्याहून मोठ्यानं.

बाटलीनंतरच्या सातव्या हंगामात चुलवाणाशी त्याचा पाय भाजला आणि त्याला ते कळलंसुद्धा नाही. हळद लावली, पाला बांधला. जखम भरेना. पाय काळा पडला तेव्हा आम्ही त्याला कोल्हापूरला नेलं. पाय कापला, पण विष वर चढलं होतं.

"यांची लघवी याआधी कधी तपासली नव्हती?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाय वो," वैनी म्हणाली. "उभ्या जल्मात न्हाय. असल्या धडधाकट मानसाची कोन तपासतंय?"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. घरात शिकलेला मीच होतो. मी म्हणालो, "नाही."

चौथ्या दिवशी आण्णा गेला.

पथ्य तेव्हाही होतं. गोळ्या होत्या, इन्सुलिनही होतं. सात वर्षं हातात होती — त्याच्या नव्हे, माझ्या. माझी तपासणी मात्र मी दरवर्षी न चुकता करून घेतो. निळं राहतं. वैनी कौतुकानं शेजारणीला सांगते, "भावजी लई जपत्यात जिवाला."

तपासली होती, वैनी. एकदा. माझ्या नावावर.